अनपेक्षित रंगाचे शिंगरू आणि आनुवंशविज्ञानाची जडणघडण : एक ऐतिहासिक अभ्यास (१८२१ ते १९०६)

प्रस्तावना

‘खाण तशी माती’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. आईबापांसारखी संतती निपजावी, ही अपेक्षा तिच्यात गृहीत आहे. पशुपैदाशीचा सारा व्यवहार याच अपेक्षेवर उभा असतो. प्रत्यक्षात मात्र ही अपेक्षा वारंवार भंग पावते आणि अश्वपैदाशीत तो भंग सर्वांच्या डोळ्यांसमोर घडतो. घोड्याचा वेग किंवा स्वभाव कळण्यास काही वर्षे जावी लागतात, पण रंग शिंगरू जन्मताच दिसतो. कुमैत घोडा व कुमैत घोडी यांच्या पोटी तांबडे शिंगरू निपजले, की पैदासकारापुढे एकच प्रश्न उभा राहतो : हे कसे झाले आणि यात दोष कोणाचा?

या प्रश्नाला वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी उत्तरे दिली गेली. कधी घोडीच्या पूर्वायुष्याकडे बोट दाखवले गेले, कधी नोंद ठेवणाऱ्याकडे, तर कधी खुद्द सिद्धान्ताकडे. प्रस्तुत लेखात इ.स. १८२१ ते १९०६ या कालखंडातील इंग्लंड व स्कॉटलंडमधील तीन प्रसंगांच्या आधारे या उत्तरांचा मागोवा घेतला आहे. घोड्याच्या रंगाचा हा वरकरणी किरकोळ वाटणारा प्रश्न आधुनिक आनुवंशविज्ञानाच्या जडणघडणीत निर्णायक ठरला. त्याचबरोबर सिद्धान्ताशी न जुळणाऱ्या माहितीचे काय करावे, हा संशोधनाच्या पद्धतीचा मूलभूत पेचही त्याने पुढे आणला, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञांचा अर्थ आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. अंग तांबूस-तपकिरी, परंतु आयाळ, शेपूट व पायांचा खालचा भाग काळा, असा घोडा तो ‘कुमैत’. अंग, आयाळ व शेपूट सारेच तांबूस असून काळ्या केसांचा अभाव असलेला घोडा येथे ‘तांबडा’ म्हटला आहे.

१. रंग : लक्षण आणि वारसा

भारतीय परंपरेत घोड्याच्या रंगाचा विचार प्राचीन आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्वशास्त्राची परंपरा, नकुलाच्या नावावर असलेले ‘अश्वशास्त्र’ आणि कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथांतून घोड्यांचे रंग, अंगावरील भोवरे व पांढरे पट्टे यांचे तपशीलवार वर्गीकरण आढळते. चारही पाय व तोंड पांढरे असलेला ‘पंचकल्याणी’ घोडा शुभ मानण्याची प्रथा या परंपरेशी सुसंगत आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही रंग आणि खुणा पाहूनच सौद्याची बोलणी पुढे सरकतात.

या परंपरेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. तिच्यात रंग हे प्रामुख्याने ‘लक्षण’ आहे. समोर उभ्या असलेल्या घोड्याचा रंग मालकाच्या भवितव्याविषयी काय सांगतो, हा तिच्या आस्थेचा विषय आहे. तो रंग कोठून आला, हा प्रश्न तिच्या दृष्टीने दुय्यम ठरतो. अनिश्चिततेशी जुळवून घेण्याचा हाही एक मार्गच होय. जे निपजले त्याला अर्थ देता आला, की ते तसेच का निपजले याचा शोध घेण्याची निकड उरत नाही. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ही निकड वाढत गेली. तिच्यामागे शर्यतीच्या घोड्यांचा व्यापार आणि त्यातून जन्मलेली वंशनोंदीची संस्था होती.

२. घोडीवर ठेवलेला दोष : लॉर्ड मॉर्टनची घोडी

लॉर्ड मॉर्टन या स्कॉटिश उमरावाचे एक पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीच्या मुखपत्रात इ.स. १८२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आज नामशेष झालेल्या क्वागा या आफ्रिकी प्राण्याच्या नराशी त्यांनी आपल्या एका तांबड्या, बहुतांशी अरबी रक्ताच्या घोडीचा संकर घडवून आणला होता. क्वागाच्या अंगावर पुढील भागात झेब्र्यासारखे पट्टे असत. संकरातून जन्मलेल्या मादीत ते दिसावेत, यात नवल नव्हते. नवल पुढे घडले. ही घोडी नंतर सर गोर औझली यांच्याकडे गेली. तेथे काळ्या अरबी घोड्यापासून तिला झालेल्या शिंगरांच्या अंगावरही पट्टे दिसले आणि त्यांची आयाळही क्वागासारखी ताठ असल्याचे सांगण्यात आले.

या घटनेचा लावलेला अर्थ असा, की पहिल्या नराचा ठसा मादीच्या शरीरात कायमचा राहतो आणि पुढे दुसऱ्या नरापासून होणाऱ्या संततीतही तो उमटतो. पुढे या कल्पनेला ‘टेलिगोनी’ असे नाव मिळाले. खुद्द चार्ल्स डार्विन यांनी मॉर्टनच्या घोडीचा दाखला गांभीर्याने घेतला होता. पैदासकारांमध्ये तर ही समजूत इतकी रुजली, की हलक्या प्रतीच्या नराशी एकदा संबंध आलेली घोडी उत्तम पैदाशीसाठी निकामी समजली जाई.

या समजुतीचा सामाजिक आशय दुर्लक्षून चालणार नाही. अनपेक्षित संततीचे कारण शोधताना संशयाची सुई आपोआप मादीकडे वळली. तिचे पूर्वायुष्य हेच अशुद्धतेचे उगमस्थान ठरले, नराचे पूर्वायुष्य मात्र विचारात घेतले गेले नाही. एकोणिसाव्या शतकात हीच कल्पना स्त्रियांना आणि वंशशुद्धीच्या चर्चेलाही लावली गेली. बीज आणि क्षेत्र यांच्या रूपकातून संततीचा विचार करण्याची आपल्याकडील स्मृतिग्रंथांची रीत परिचित असलेल्या अभ्यासकाला या विचारसरणीची ओळख पटण्यास वेळ लागू नये. शिंगराच्या अंगावरील चार पट्ट्यांचा प्रश्न अशा रीतीने केवळ तबेल्यापुरता उरला नव्हता.

या समजुतीची परीक्षा एडिंबरा विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक जेम्स कॉसर युअर्ट यांनी घेतली. स्कॉटलंडमधील पेनिक्विक येथे त्यांनी ‘मटोपो’ नावाच्या झेब्र्याच्या नराशी अनेक घोड्यांच्या माद्यांचा संकर घडवला आणि त्यानंतर त्याच माद्यांची घोड्यांपासून झालेली शिंगरे तपासली. त्यांचे निष्कर्ष इ.स. १८९९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. नंतरच्या शिंगरांमध्ये झेब्र्याचा प्रभाव आढळला नाही. उलट, झेब्र्याचा कधी संबंधही न आलेल्या घोडींच्या शिंगरांवर फिकट पट्टे दिसू शकतात, हेही स्पष्ट झाले. म्हणजे मॉर्टन यांचे निरीक्षण खोटे नव्हते. खोटा होता तो त्या निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष, कारण तुलनेसाठी झेब्र्याविना जन्मलेली शिंगरे कोणी पाहिलीच नव्हती.

पाठीवरील काळी रेघ व पायांवरील पट्टे यांचा संबंध ‘टीबीएक्स ३’ या जनुकाशी असल्याचे इ.स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. या जनुकाच्या एका प्रकारात अंगाचा रंग फिकट न होताही पट्टे पुसटसे दिसू शकतात. मॉर्टनच्या घोडीची शिंगरे आज तपासता येणार नाहीत. तथापि त्यांच्या पट्ट्यांचे स्पष्टीकरण क्वागावाचून देणे आता पूर्णतः शक्य आहे.

३. नोंदवहीतून निघालेले नियम

दरम्यान इंग्लंडमध्ये एक वेगळी सामग्री साठत होती. जेम्स वेदरबी यांनी इ.स. १७९१ मध्ये शर्यतीच्या घोड्यांच्या वंशनोंदीचा पहिला प्रास्ताविक खंड प्रसिद्ध केला. त्यातून पुढे ‘जनरल स्टड बुक’ ही खंडमाला सुरू झाली. या नोंदवहीत प्रत्येक पैदाशीच्या घोडीखाली तिची शिंगरे वर्षावार नोंदलेली असतात. शिंगराचा रंग, लिंग आणि जन्मदाता घोडा यांचा त्यात निर्देश असतो. ही नोंद शास्त्रासाठी ठेवलेली नव्हती, विक्रीत फसवणूक होऊ नये हा तिचा हेतू होता. परंतु शंभर वर्षांनंतर तीच आनुवंशाच्या अभ्यासकांना खाणीसारखी उपयोगी पडली.

तिचे महत्त्व समजण्यासाठी घोडीच्या प्रजननाचा वेग लक्षात घ्यावा लागतो. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असून तिला एका वेळी बहुधा एकच शिंगरू होते. मेंडेल यांनी वाटाण्याचे दाणे हजारोंनी मोजले. एखाद्या पैदासकाराला आपल्या आवडत्या घोडीची शिंगरे मात्र बोटांवर मोजण्याइतकीच मिळतात. एवढ्या अल्प संख्येत कोणताही नियम उमटून दिसत नाही. नोंदवहीने विखुरलेल्या हजारो घोडींचा अनुभव एकत्र आणला आणि एका तबेल्यात जे दैव वाटत होते, ते प्रमाणाच्या रूपाने दिसू लागले.

या सामग्रीचा पहिला मोठा शास्त्रीय उपयोग कार्ल पिअर्सन यांनी केला. फ्रान्सिस गॉल्टन यांच्या मते संततीच्या वारशात आईबापांचा वाटा निम्मा, आजी-आजोबांचा एक चतुर्थांश आणि त्यापूर्वीच्या पिढ्यांचा क्रमाने निम्मा-निम्मा होत जाणारा असे. या पूर्वजवादाच्या चौकटीत पिअर्सन यांनी इ.स. १९०० मध्ये घोड्याचा रंग व माणसाच्या डोळ्यांचा रंग यांचा संख्याशास्त्रीय अभ्यास मांडला. रंग मोजपट्टीने मोजता येत नाही. म्हणून त्यांनी रंगांची गडदपणानुसार श्रेणी लावली आणि नातेवाइकांमधील सहसंबंध काढण्याची नवी गणिती रीत विकसित केली. रंग हे एका अखंड श्रेणीवरील टप्पे आहेत, हे यामागचे गृहीतक होते. त्याच वर्षी मेंडेल यांच्या विस्मृत लेखाकडे युरोपीय शास्त्रज्ञांचे पुन्हा लक्ष गेले आणि या गृहीतकाला प्रतिस्पर्धी निर्माण झाला.

४. हर्स्ट आणि वेल्डन : अपवादांचा वाद

चार्ल्स चेंबरलेन हर्स्ट (१८७०–१९४७) हे लेस्टरशायरमधील बर्बेज येथील रोपवाटिकेच्या व्यवसायातील गृहस्थ होते. ऑर्किडच्या संकरातून ते आनुवंशाच्या अभ्यासाकडे वळले व विल्यम बेटसन यांच्या मेंडेलवादी वर्तुळात सामील झाले. त्यांनी जनरल स्टड बुकमधील नोंदी मेंडेलच्या दृष्टीने वाचल्या. डिसेंबर १९०५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले, की कुमैत व तपकिरी रंग प्रभावी असून तांबडा रंग अप्रभावी आहे. याचा सरळ अर्थ असा, की तांबड्या घोड्यात दुसरा कोणताही रंग दडलेला असू शकत नाही, म्हणून तांबडा घोडा आणि तांबडी घोडी यांची संतती तांबडीच असली पाहिजे. उलटपक्षी, कुमैत घोड्यात तांबड्या रंगाचे बीज कित्येक पिढ्या लपून राहू शकते व तसाच जोडीदार मिळाल्यास अवचित प्रकट होऊ शकते. अनपेक्षित शिंगराचे कोडे या एका विधानाने सुटत होते. घोडीचे पूर्वायुष्य त्यासाठी धुंडाळण्याची गरज उरली नव्हती, कारण लपलेल्या बीजाचा वाटा नर व मादी यांचा समसमान होता.

परंतु नोंदवही हर्स्ट यांना पूर्ण अनुकूल नव्हती. तांबड्या जोडप्यांच्या शिंगरांमध्ये शेकड्यात एकाहूनही कमी, पण काही शिंगरे कुमैत वा तपकिरी म्हणून नोंदलेली आढळत होती. हर्स्ट यांनी या नोंदी चुकीच्या असाव्यात, असे मानले. याच मुद्द्यावर ऑक्सफर्ड येथील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक वॉल्टर फ्रँक राफाएल वेल्डन (१८६०–१९०६) यांनी आक्षेप घेतला. पिअर्सन यांचे स्नेही व ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे एक संस्थापक असलेले वेल्डन मेंडेलवादाचे सर्वांत तयारीचे टीकाकार होते. वाटाण्याच्या दाण्यांचा रंग हिरवा किंवा पिवळा अशा दोनच कप्प्यांत बसत नसून त्यांत मधल्या अनेक छटा असतात, हे त्यांनी इ.स. १९०२ मध्येच दाखवले होते. आता त्यांनी स्टड बुकचे खंड हाती घेतले आणि तांबड्या घोडींच्या संततीविषयीचे स्वतंत्र टिपण इ.स. १९०६ मध्ये प्रसिद्ध केले.

या वादात दोन्ही पक्षांची बाजू न्याय्य होती, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. नोंदीत चुका होण्याची कारणे खरोखरीच होती. शिंगराची जन्माची लव झडून नंतर वेगळा रंग येऊ शकतो. लेखनिकाच्या हातून अक्षर चुकू शकते. घोडीला एकाच हंगामात दोन घोडे दाखवले गेले असल्यास बाप कोण, याविषयी घोटाळा होऊ शकतो. परंतु वेल्डन यांच्या आक्षेपाचा गाभा याहून खोल होता. एखादी नोंद सिद्धान्ताविरुद्ध जाते, एवढ्याच कारणाने ती चुकीची ठरवली, तर सिद्धान्ताची परीक्षा होणार तरी कशी? ज्या नोंदवहीच्या विश्वासार्हतेवर नियम उभारला, तिच्यातील गैरसोयीची पानेच तेवढी अविश्वसनीय कशी मानावयाची? शिवाय चुका असतील, तर त्या नियमाला अनुकूल नोंदींमध्येही असणारच.

हा वाद निकालापर्यंत पोहोचला नाही. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत स्टड बुकच्या खंडांत गढून गेलेल्या वेल्डन यांचे १३ एप्रिल १९०६ रोजी न्यूमोनियाने निधन झाले. तेव्हा ते अवघे ४६ वर्षांचे होते. त्यांच्या मृत्यूने पूर्वजवादी गटाचा प्रमुख प्राणिशास्त्रज्ञ गेला आणि मेंडेलवादाची वाट अधिक मोकळी झाली. लीड्स विद्यापीठातील विज्ञानेतिहासकार ग्रेगरी रॅडिक यांनी इ.स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वेल्डन यांच्या अपुऱ्या राहिलेल्या विचाराची नव्याने दखल घेतली आहे.

५. उत्तरकालीन निर्वाळा

हर्स्ट यांचा नियम काळाच्या कसोटीला उतरला. तांबड्या रंगाचे कारण ‘एमसी १ आर’ या जनुकातील एका बदलात असल्याचे स्वीडिश संशोधकांनी इ.स. १९९६ मध्ये दाखवले. काळे रंगद्रव्य तयार करण्याचा संदेश ग्रहण करणारा घटक या बदलामुळे निकामी होतो व केस तांबडे येतात. जनुकाच्या दोन्ही प्रती अशा असतील तरच घोडा तांबडा होतो. काळे रंगद्रव्य अंगभर पसरणार की आयाळ, शेपूट व पाय यांपुरते मर्यादित राहणार, हे ठरवणाऱ्या दुसऱ्या जनुकातील बदल इ.स. २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तगट व पुढे डीएनए यांच्या आधारे पितृत्वाची खातरजमा सुरू झाल्यावर नोंदीतील चुकांचा प्रश्नही स्वतंत्र पुराव्याने सोडवता येऊ लागला. पुण्यात कार्यालय असलेली भारतीय थरोब्रेड घोड्यांची वंशनोंद संस्थाही याच पद्धतीने चालते. आता सिद्धान्ताशी न जुळणारी नोंद सिद्धान्ताच्या बळावर फेटाळावी लागत नाही, ती तपासता येते. वेल्डन यांची मागणी अशा रीतीने हर्स्ट यांच्या विजयानंतर पूर्ण झाली.

तथापि या विजयाची दुसरी बाजूही आहे. हर्स्ट यांनी इ.स. १९०८ मध्ये हीच रीत माणसाच्या डोळ्यांच्या रंगाला लावली आणि तपकिरी व निळा रंग एकाच प्रभावी-अप्रभावी जोडीने समजावून सांगितला. डोळ्यांचा रंग अनेक जनुकांवर अवलंबून असतो, हे आता मान्य आहे. तबेल्यात खरा ठरलेला नियम घरात तसाच्या तसा लागू पडला नाही. खुद्द तांबड्या घोड्यांतही फिक्या सोनेरीपासून गडद काळपट तांबड्यापर्यंत छटा असतात व त्या सर्वांचा उलगडा या एका जनुकाने होत नाही. छटांकडे दुर्लक्ष करू नका, हा वेल्डन यांचा इशारा म्हणून अद्याप शिळा झालेला नाही.

६. अनिश्चिततेशी जुळवून घेण्याच्या रीती

नियम कळला म्हणून पैदासकाराची अनिश्चितता संपली काय? एक साधे गणित पुरेसे आहे. तांबड्या रंगाचे बीज लपलेले कुमैत घोडा व कुमैत घोडी यांच्या प्रत्येक शिंगराची तांबडे होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. अशा जोडीच्या चार शिंगरांत नेमके एक तांबडे येण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के, तर एकही तांबडे न येण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे. म्हणजे लपलेले बीज असूनही दर तीन जोड्यांपैकी जवळजवळ एक जोडी चार वर्षे ‘शुद्ध’ भासेल. केसांच्या मुळांवरून केलेली चाचणी आईबापांविषयी निश्चित ज्ञान देते, शिंगराविषयी मात्र ती केवळ शक्यताच सांगू शकते.

या मर्यादेला निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळे उत्तर दिले. नेदरलँड्समधील फ्रिजियन घोड्यांच्या वंशनोंद संस्थेने (स्थापना १८७९) काळा रंग हाच वंशाचा निकष मानला आणि तांबडे बीज बाळगणारे नर पैदाशीतून वगळण्याचे धोरण स्वीकारले. रंगाची निश्चिती त्यामुळे साधली. पण इ.स. १९१३ मध्ये ज्या वंशाचे अवघे तीन पैदाशीचे नर शिल्लक होते, त्याला प्रत्येक नवी वर्ज्यता महाग पडते, हेही तितकेच खरे. लिपिझानेर घोड्यांची परंपरा याच्या उलट आहे. हे घोडे गडद रंगाचे जन्मतात व वयाबरोबर पांढरे होत जातात. क्वचित एखादा कुमैतच राहतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये असा एक कुमैत घोडा शुभशकुन म्हणून बाळगण्याची प्रथा आहे. अपवादाला येथे बहिष्काराऐवजी मान मिळाला.

काही वेळा मात्र प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. अमेरिकेतील अबलख घोड्यांच्या एका प्रकारात रंगाचे तेच बीज दोन्हीकडून आले, तर शिंगरू संपूर्ण पांढरे जन्मते आणि आतड्यातील मज्जातंतूंच्या अभावामुळे काही दिवसांतच दगावते. त्याचे जनुकीय कारण इ.स. १९९८ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हापासून जोडी लावण्यापूर्वी चाचणी करून हे मरण टाळता येते. चार शिंगरांपैकी एकाच्या वाट्याला येणारे हे मरण पूर्वी दुर्दैवाच्या खात्यात जमा होत असे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, अनपेक्षित संततीचा दोष मादीच्या पूर्वायुष्यावर लादणारी समजूत योग्य तुलनेच्या अभावातून जन्मली व योग्य तुलना होताच मोडली. तिचे सामाजिक पडसाद मात्र प्रयोगाइतक्या सहजपणे मिटले नाहीत. दुसरा, व्यापाराच्या गरजेतून ठेवलेली नोंद शास्त्राला उपयोगी पडली ती तिच्या व्याप्तीमुळे. तिचे मूळ प्रयोजन शास्त्रीय नसल्यानेच तिच्या वापराविषयी वाद उद्भवला. तिसरा, हर्स्ट-वेल्डन वादात निष्कर्ष एका पक्षाचा बरोबर ठरला, परंतु पद्धतीविषयीचा प्रश्न दुसऱ्या पक्षाचा खरा होता. बरोबर उत्तर चुकीच्या रीतीनेही हाती लागू शकते आणि म्हणून उत्तर बरोबर निघाल्याने रीत निर्दोष ठरत नाही. सामग्रीतील गैरसोयीची नोंद बाजूला सारण्याचा मोह इतिहासापासून अर्थशास्त्रापर्यंत सर्वच विद्याशाखांच्या संशोधकांना होत असतो. त्या दृष्टीने जनरल स्टड बुकमधील मोजक्या वादग्रस्त शिंगरांचा हा इतिहास प्राणिशास्त्राच्या वर्गाबाहेरही वाचला जाणे उपयुक्त ठरेल.